मिसेस ऑर्व्हिल हाऊगन यांचं गोड सूप

आर्डिस हाऊगनला लोकांच्या स्वयंपाकाची शिसारी होती, आणि पोट भरायला नोकरी लागली ती पाककृतींची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात. नशिबाला कधीकधी अशी खोड असते. मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला टोरवाल नावाचं गाव, धान्याच्या कोठारांमागे एक बसकी पत्र्याची इमारत, आणि तिच्यात वर्षानुवर्षं एकच धंदा. आसपासच्या चर्चांमधल्या बायकांनी आपापल्या पाककृती गोळा करून पाठवायच्या, छापखान्याने त्यांचं पुस्तक करून द्यायचं, बायकांनी ते एकमेकींनाच विकायचं आणि त्या पैशातून चर्चच्या गळक्या छपराची डागडुजी करायची. देवाच्या डोक्यावरचं छप्पर ट्यूना माशाच्या जिवावर टिकलेलं.

आणि काय त्या पाककृती! ट्यूनाचा डबा, मश्रूमच्या घट्ट सूपचा डबा, वर बटाट्याच्या वेफरचा चुरा, की झालं रविवारचं जेवण. लिंबाच्या हिरव्या जेलीत किसलेलं गाजर आणि कोबी थिजवायचा, वर मेयोनेझचा गोळा बसवायचा आणि त्याला कोशिंबीर म्हणायचं. कोशिंबीर! जीभ झडली तरी त्या जेलीला कोशिंबीर म्हणवणार नाही. आर्डिस विशीत तिथे अक्षरं जुळवायला लागली तेव्हा हे सगळं तिला शब्द न् शब्द वाचावं लागायचं. दुपारी डबा उघडायची आणि तसाच बंद करायची.

मग छापखान्यात संगणक आले आणि आर्डिस सुटली. बायका पाककृती टंकून फ्लॉपीवर पाठवायला लागल्या. साध्या मजकुराच्या फाइली, एकीत कप, दुसरीत वाटी, तिसरीत नुसतं ‘थोडंसं’. त्या फाइली एकसारख्या करायला आर्डिसने टपालाने मागवलेल्या एका जाडजूड पुस्तकातून पर्ल नावाची भाषा शिकून घेतली. संगणकाला दोन-चार ओळींचा हुकूम लिहायचा: या सगळ्या फाइलींतून अमुक शब्द शोध आणि त्याच्या जागी तमुक घाल. एंटर दाबलं की तीनशे फाइली डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलून मोकळ्या. बाकीच्यांना यात वेग दिसायचा. आर्डिसला त्याहून मोठं सुख दिसलं. यंत्राला वाचावं लागत नाही, ते फक्त शोधतं. म्हणजे आता तिलाही वाचायला नको.

मात्र यंत्र हे हुकमाचं ताबेदार, त्याला शहाणपण नाही. हे केंट ब्रूनने एकदा सगळ्या छापखान्याला शिकवलं. केंट म्हणजे मालकाचा मुलगा, आता स्वतःच मालक, गुलाबी गालांचा, सतत उत्साहात. त्याच्या मनात आलं की लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, हल्ली लोकांना वाचायलाही नको वाटतं. आर्डिस सुट्टीवर असताना त्याने स्वतःच हुकूम लिहिला की जिथे लार्ड दिसेल तिथे मार्जरिन, म्हणजे तेलाचं नकली लोणी, घाल. चरबी गेली, आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आशीर्वाद देणारे पास्टर लार्डनर ‘पास्टर मार्जरिननर’ होऊन छापून आले. पास्टरबाईंनी ते पुस्तक केंटच्या टेबलावर आपटलं तेव्हा आर्डिस शेजारीच उभी होती आणि तिला मनापासून बरं वाटलं. तिचा नियम पहिल्यापासून ठरलेला: आधी शोधायचं, काय काय सापडलं ते डोळ्यांखालून घालायचं, आणि मगच बदलायचं. हा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला.

ती गोष्ट नव्याण्णव सालची. तिच्या जन्मगावच्या लुथरन चर्चला शंभर वर्षं होत होती आणि त्यांचं शताब्दीचं पुस्तक टोरवालला छापायला आलं. पाठवणारी समितीची अध्यक्ष कोण, तर डेलोरेस हाऊगन. आर्डिसची सावत्र आई.

आता सावत्र आई म्हटलं की लोकांना लगेच गोष्टी सुचतात, तसं काही नव्हतं. डेलोरेसने तिला उपाशी ठेवलं नाही की कोंडून घातलं नाही. झालं ते एवढंच, की आर्डिस सतरा वर्षांची असताना तिची आई पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली, सेवेला म्हणून शेजारच्या गावची डेलोरेस आली, वसंतात आई गेली, आणि पानगळीत ऑर्व्हिल हाऊगनने डेलोरेसशी लग्न लावलं. आर्डिसच्या लेखी ही बाई म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. शाळा संपली तशी ती घर सोडून निघाली ती टोरवालला येऊन थांबली. लग्न केलं नाही. बाप गेला तेव्हा अंत्यविधीला गेली, डेलोरेसशी हस्तांदोलन केलं, चर्चच्या तळघरातल्या जेवणाला न थांबता परत आली.

या शताब्दीच्या पुस्तकात बायकांच्या नव्या पाककृती होत्या आणि चर्चचं जे एकमेव जुनं पुस्तक होतं, अडुसष्ट सालचं, तेही अख्खं टंकून घातलं होतं. त्या जुन्या पुस्तकात बाईला नाव नव्हतं. त्या काळी पदार्थाखाली सही करायची ती मिसेस हेल्मर एन्गेन, मिसेस पामर लून, अशी नवऱ्याच्या नावानेच. चूल तिची, हात तिचे, घाम तिचा, नाव त्याचं. स्वतःचं नाव लिहिणारी एकच होती, शाळामास्तरीण, कारण तिला नवरा नव्हता. शताब्दी समितीला आता हे लाजिरवाणं वाटायला लागलं होतं. म्हणून डेलोरेसने फाइलींसोबत एक यादी पाठवली. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे बाईचं खरं नाव: मिसेस पामर लूनच्या जागी व्हर्डेल लून, आणि असंच खाली. वर चिठ्ठी, की आर्डिस, तुझ्या यंत्राला हे चुटकीसरशी जमतं असं केंट म्हणाला.

आर्डिसने ती फाइल उघडली, पहिल्या पानावर डुकराच्या खुरांची जेली दिसली, आणि तिचं डोकं सणकलं. तिच्याच गावची जेली, आणि पाठवणारी डेलोरेस! शोधणं नाही, बघणं नाही. यादी यंत्राच्या तोंडात कोंबली, एंटर दाबलं, ब्याद गेली म्हणून हात धुतले. खरोखरच धुतले, साबण लावून.

छपाईला दोन दिवस उरले तेव्हा पानांचे कच्चे छाप आले. आर्डिस ते वाचायची नाही, फक्त कुठली ओळ पानाबाहेर सांडली का ते बघायची. गोड पदार्थांच्या भागात एक ओळ सांडली होती. पाककृती होती आलुबुखारांच्या गोड सूपची, साबुदाणा घालून घट्ट केलेल्या, आणि सांडलेल्या ओळीत लिहिलं होतं की शेवटी एक चमचा व्हिनेगर घालावं, कोणाला सांगू नये. आर्डिस थबकली. व्हिनेगर! त्या सूपचा आंबूस-गोड वास तिच्या लहानपणीच्या सगळ्या रविवारांना होता. हे तर आईचं सूप. तिने खालचं नाव वाचलं. डेलोरेस हाऊगन.

तिने फाइलींत डेलोरेस हाऊगन शोधलं, पडद्यावर ओळींवर ओळी आल्या. मग आईचं नाव शोधलं, बोर्गिल्ड. एकही ओळ नाही.

काय झालं होतं ते तिच्या लगेच ध्यानात आलं. ते जुनं पुस्तक जमवायला बायकांना दोन वर्षं लागली होती, आणि त्या दोन वर्षांत मिसेस ऑर्व्हिल हाऊगन बदलली होती. पहिली मेली, दुसरी आली, सही तीच राहिली. यादीत समोर एकच नाव होतं, जिवंत बाईचं. आणि बदल करणारा हात? तो स्वतः आर्डिसचा. तिला स्वतःची इतकी किळस आली की ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. मूळ फाइल तिच्यापाशी होती, पण ती घेऊन काय चाटायचं? तिच्यातही दोघी एकाच नावाखाली गाडलेल्या. कुठला पदार्थ कुणाचा हे यंत्र सात जन्मांत सांगू शकलं नसतं.

आईचं मागे काय उरलं होतं म्हणून विचाराल, तर काही नाही. फोटोत ती नेहमी कडेला, अर्धी कापलेली. थडग्याच्या दगडावर बापाचं नाव मोठं, आणि खाली ‘व पत्नी’. शंभर वर्षांतून एकदा निघणाऱ्या या पुस्तकात आईचं नाव आलं नाही, तर ते पुन्हा कुठेच येणार नव्हतं. आणि कुठला पदार्थ तिचा, हे सांगू शकेल अशी जगात एकच बाई. आर्डिस गाडीत बसली आणि चाळीस मैल शिव्या देत गेली.

डेलोरेसने दार उघडलं आणि आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. त्या मुलुखात पाहुणा आला की आधी कॉफी, मग हवापाणी, मग मक्याचं पीक, आणि निघता निघता दारात उभं राहून खरं काम सांगायचं, अशी रीत. डेलोरेसने तळ दिसेल इतकी पातळ कॉफी ओतली, लिंबाच्या वड्यांची बशी पुढे केली आणि यंदा पाऊस बरा आहे म्हणाली. आर्डिसने पावसाला हात लावला नाही. कच्च्या छापाचं पान बशीवर ठेवलं.

“तुम्ही माझ्या आईचं नाव पुसलंत.”

डेलोरेसने चष्मा लावून पान नीट वाचलं. “तिचं नाव तिथे होतंच कुठे, आर्डिस? तिथे तुझ्या बापाचं नाव होतं.”

आर्डिसच्या तोंडात मारल्यासारखं झालं. पण ती काही ऐकून घ्यायला आली नव्हती. एकदा माणूस घेतलं, घर घेतलं, आता मेलेल्या बाईचं सूपसुद्धा सोडवत नाही का, असं तिने विचारलं. तीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं, सेवेला येऊन घरात ठाण मांडण्यापासून ते चर्चच्या जेवणात हेच सूप वाढून वाहवा मिळवण्यापर्यंत. सगळं ओकून झाल्यावर डेलोरेस उठली, शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं, शताब्दीच्या जेवणासाठी करून बघितलेलं सूप एका वाडग्यात वाढून आर्डिसपुढे ठेवलं आणि चमचा हातात दिला.

“तिचंच आहे. खा.”

आर्डिसने घास घेतला. फुगलेला लिबलिबीत साबुदाणा जिभेवरून घसरला, बेडकाच्या अंड्यांसारखा. मागून आलुबुखाराची साल, दालचिनी, आणि सगळ्यात शेवटी तो व्हिनेगरचा झटका. शी! तिने कसंबसं गिळलं आणि वरून ती पातळ कॉफी ढोसली.

“आई हे असं नव्हती करत,” ती म्हणाली.

“अगदी असंच करायची. तिनेच शिकवलं मला, पलंगावर पडून. म्हणाली, ढवळताना तोंडाने श्वास घे, नाकाने नको.” डेलोरेस खाली बसली. “तू तिला हे खाताना कधी पाहिलंस?”

आर्डिसने आठवून पाहिलं. बाप मेजाच्या टोकाला, वाडगा दोन्ही हातांत. ती स्वतः ताटाशी चाळा करत बसलेली. आणि आई? आई मोरीशी, पाठ करून, पातेलं खरवडत. दर रविवारी पाठ करून. तिने आईला ते सूप खाताना एकदाही पाहिलं नव्हतं.

मग डेलोरेसने सांगितलं ते असं. सूप मुळात ऑर्व्हिलच्या आईचं. बोर्गिल्ड लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हाती ते पातेलं दिलं, आणि मरायला टेकल्यावर बोर्गिल्डने ते डेलोरेसच्या हाती दिलं. ऑर्व्हिलला रविवारी तेच लागायचं. डेलोरेसने एकदा व्हिनेगर घातलं नाही, तर त्याने वाडगा हातभर लांब सरकवला आणि उठून रेडिओ लावला. भांडला नाही, बोलला नाही. मंगळवारपर्यंत बोलला नाही. शेवटी तो गेला, तर चर्चचे लोक म्हणायला लागले, डेलोरेस, ऑर्व्हिलच्या आठवणीसाठी ते सूप कर.

“तुम्हाला आवडत नाही?”

“मला ओकारी येते,” डेलोरेस म्हणाली. “इतकी वर्षं नाक दाबून ढवळलं. म्हटलं, निदान नाव तरी लागू दे.”

आर्डिसला त्या क्षणी डेलोरेसचा राग आला नाही. बापाची किळस आली, स्वच्छ आणि पुरेपूर किळस. सज्जन माणूस म्हणून गावभर नावाजलेला, कधी आवाज न चढवलेला तिचा बाप, आणि त्याच्या एका वाडग्यापायी दोन बायका ओळीने श्वास कोंडून उभ्या. आवाज चढवायची त्याला गरजच काय पडणार होती! आणि आपण? आपण तीस वर्षं रागावलो ते त्याला सोडून या बाईवर.

तिने कच्चे छाप सगळे बाहेर काढले, डेलोरेसने दोन रंगांच्या पेन्सिली आणल्या, एक बोर्गिल्डच्या पदार्थांना, एक स्वतःच्या. मिसेस ऑर्व्हिल हाऊगनच्या नावावरची एकेक पाककृती आर्डिस वाचायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती पाककृती मन लावून वाचत होती. कांदा घालून तळलेलं लिव्हर? त्याला लागायचं, डेलोरेस म्हणाली, दोघींनीही केलं, दोघींनीही खिडक्या उघडल्या. पावाच्या साच्यात भाजलेला खिमा? तो त्याचाच, आत मिरी नको, वर केचप हवं. दुधात शिजवलेला सुका मासा? त्याचा. बीटाची जेली? त्याचीच, आणि ती कुत्र्यालाही चालायची नाही. दोन रंगांच्या पेन्सिली तशाच पडून राहिल्या. लिंबाच्या वड्यांपाशी डेलोरेसने हात वर केला. या माझ्या, म्हणाली, त्याला लिंबू चालायचं नाही, पण तो शेतावर असताना मी करायचे. आर्डिसने बशीतली एक वडी उचलून तोंडात टाकली. बरी होती. मग दुसरी घेतली.

शेवटचं पान लोणच्यांचं होतं. मिठातल्या काकड्या, शेपूची पानं घालून.

“थांब,” डेलोरेस म्हणाली. “या तिच्या.”

आर्डिस थांबली.

“त्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं. तळघरातली बरणी मी वर आणायचे, तिच्याच हातच्या काकड्या, पातळ चिरून द्यायचे. ऑर्व्हिलला वास सहन व्हायचा नाही, म्हणून आम्ही खोलीचं दार लावून खायचो.”

“आम्ही?”

“मलाही आवडायच्या,” डेलोरेस म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. जरा वेळाने म्हणाली, की पुस्तकासाठी पदार्थ मागायला बायका आल्या तेव्हा बोर्गिल्ड उठून बसली होती आणि ही एक तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली. बाकीच्या लग्नानंतर आपण दिल्या, वड्या सोडल्या तर सगळ्या तो मेजावर मागायचा त्या. आर्डिसला रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला रडायची सवय नव्हती. तिने पान दुमडून खिशात ठेवलं. निघताना दारात हवापाण्याचे दोन शब्द बोलली, आणि शताब्दीच्या जेवणात ते सूप करू नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने मूळ फाइल पुन्हा काढली. या वेळी एका दमात एंटर दाबलं नाही. हुकूम असा लिहिला, की मिसेस ऑर्व्हिल हाऊगन जिथे सापडेल तिथे थांब, वरच्या पदार्थाचं नाव मला दाखव आणि विचार, कोणाचं? यंत्र दरवेळी थांबलं, आर्डिसने दरवेळी वाचून उत्तर टंकलं. सूपपाशी थांबलं तेव्हा तिने ‘ऑर्व्हिल हाऊगन’ असं टंकलं. लिव्हरपाशी, सुक्या माशापाशी, बीटाच्या जेलीपाशी तेच.

दुपारी केंट नवे छाप घेऊन तिच्या टेबलाशी आला. गोंधळलेला होता. चर्चमधल्या बायकांच्या पुस्तकात हे मेलेल्या पुरुषाचं नाव कसं काय येतंय सारखं, यादी चुकली का, असं त्याने विचारलं. पास्टर मार्जरिननरचं प्रकरण त्याच्या अजून अंगावर होतं.

“चुकली होती,” आर्डिस म्हणाली. “आता बरोबर आहे. छाप.”

केंट पानं घेऊन यंत्राकडे गेला.

छपाई सुरू झाली तसा डेलोरेसचा फोन आला. आधी पाऊस झाला, मग मका झाला. मग तिने विचारलं, बोर्गिल्डच्या नावावर किती आलं?

आर्डिसने फाइलींत बोर्गिल्ड हाऊगन शोधलं. यंत्राने एक ओळ दाखवली. तिने एक म्हणून सांगितलं.

“आणि माझ्या?”

आर्डिसने तेही शोधलं. जुन्या पुस्तकातून तिचीही तेवढीच होती. “तुमच्याही एक.”



“बरं झालं,” डेलोरेस म्हणाली. “मला वाटलं होतं, एकही निघणार नाही.”